कळसूबाई : किल्ला नसलेले शिखर आणि चाकरीच्या दोन अटी

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरावर किल्ला नाही. तट नाही, बुरूज नाही, पाण्याचे कोरीव टाके नाही, तोफेचा तुकडाही नाही. सह्याद्रीत जेथे जेथे कातळाला थोडी सपाटी लाभली तेथे कोणी ना कोणी राजवटीने गड उभा केला. मग १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर सगळ्यांनी का सोडून दिले? या प्रश्नापासून आजचा धागा सुरू करतो. तो लांबणार आहे, आणि किल्ल्यावरून निघून घरकामाच्या भांड्यांपर्यंत जाणार आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

मी वसईचा. आमच्याकडे इतिहासाला कागदांची आणि अक्षरांची वाण कधी पडली नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगिजांना वसई दिली, त्याचा तह आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेची पत्रे आहेत. १८०२ च्या वसईच्या तहावर तर शाळेत प्रश्न येतो. किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे आजही वाचता येतात. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीचा सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेख आहे. ज्या गावात दगडसुद्धा बोलतात तेथे वाढलेल्या विद्यार्थ्याला एक वाईट सवय लागते : जेथे लेख नाही तेथे इतिहास नाही, असे तो नकळत धरून चालतो. कळसूबाईने माझी ती सवय थोडी मोडली.

वसई-विरारच्या मुलांची डोंगराशी पहिली ओळख होते ती घराजवळच. विरारला जीवदानीच्या पायऱ्या, पूर्वेला सुमारे दोन हजार फुटांचे तुंगारेश्वर, त्याच्या अलीकडे-पलीकडे कामणदुर्ग आणि टकमक. महाविद्यालयात गेल्यावर कोणीतरी म्हणते, चला, आता खरा मोठा डोंगर करू. आणि दहापैकी आठ वेळा तो मोठा डोंगर कळसूबाई असतो. कारण सोपे आहे. उंची सर्वांत जास्त, पण वाट मळलेली. दोर लागत नाही, कातळारोहणाचे शिक्षण लागत नाही. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. विरारहून दादर, दादरहून कसारा लोकल, पुढे जीपने घाट चढून इगतपुरी, घोटीमार्गे बारी गाव. तेथून साधारण तीन-साडेतीन तासांची चढण. ज्याने आयुष्यात कधी डोंगर चढलेला नाही असा माणूसही, गुडघे धड असतील आणि घाई नसेल तर, माथ्यावर पोहोचतो. फक्त पावसाळ्यात त्या शिड्यांच्या ओल्या पायऱ्यांना कोणी सोपे समजू नये.

आता किल्ल्याच्या प्रश्नाकडे.

भूगोल आधी नीट पाहू. कळसूबाई नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या दोन तालुक्यांच्या सीमेवर उभी आहे. तिच्या पश्चिमेला त्याच रांगेत अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड, पूर्वेकडे अवंढा, पट्टा, बितनगड. दक्षिणेला रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड. म्हणजे चहूबाजूंनी गडच गड, आणि मधोमध सगळ्यांत उंच असलेले हे एक शिखर मोकळे. पट्ट्यावर शिवाजी महाराज १६७९ च्या जालना मोहिमेनंतर विश्रांतीसाठी राहिले, म्हणून तो विश्रामगड झाला. तेथून कळसूबाई डोळ्यांसमोर दिसते. महाराजांनाही ती दिसलीच असेल. पण तिच्यावर ठाणे बसवावे असे कोणाला वाटले नाही.

माझ्या मते याला तीन कारणे आहेत, आणि तिन्ही अगदी व्यवहारी आहेत. पहिले पाण्याचे. गडाचा जीव पाण्यात असतो. अलंग-कुलंगवर कातळात खोदलेल्या टाक्यांच्या ओळी आहेत; उन्हाळ्यातही तेथे शिबंदी तग धरू शकते. कळसूबाईची विहीर माथ्यावर नाही, शेवटच्या टप्प्याच्या खालच्या सपाटीवर आहे. वेढा पडला तर माथ्यावरच्या माणसांनी पाण्यासाठी शत्रूच्या दिशेने उतरायचे, हे कोणत्या किल्लेदाराला परवडेल? दुसरे जागेचे. माथा इतका लहान आहे की एक छोटे देऊळ आणि त्याभोवती काही माणसे, एवढ्यात तो भरतो. सदर, कोठार, दारूखाना, शिबंदीची घरे, यांतले काहीही तेथे मावत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गड हा उंचीवर पहारा करण्यासाठी बांधत नाहीत, तो वाटेवर पहारा करण्यासाठी बांधतात. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटांवर बैल, मीठ, तांदूळ, कापड आणि जकात चालत असे. त्या वाटा ज्या कड्यावरून हाताशी येतात तेथे किल्ला. कुलंग-अलंग कोकणच्या कड्याला लागून आहेत. कळसूबाई त्यांच्या आतल्या बाजूला. तिच्यावरून सगळे दिसते, पण काहीच अडवता येत नाही.

ज्यांना उंचीच हवी होती त्यांच्यासाठी साल्हेर होता. बागलाणातील तो गड १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. माथ्याखाली विस्तीर्ण सपाटी, पाणी, आणि गुजरातेकडे जाणाऱ्या वाटा जवळ. म्हणून १६७२ ची साल्हेरची मोठी लढाई झाली. कळसूबाई त्याच्याहून केवळ ७९ मीटरने उंच आहे, आणि तिच्या पायथ्याशी अशी एकही लढाई सांगितली जात नाही. इतिहासाच्या पुस्तकांत त्या ७९ मीटरना काही किंमत नव्हती.

ती किंमत आली नकाशामुळे. डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजून त्यांना एका यादीत क्रमाने उभे करण्याची पद्धत इंग्रजी अमलातील सर्वेक्षणाबरोबर आपल्याकडे रुजली. त्याआधी पायथ्याच्या माणसाला आपला डोंगर मोठा आहे हे ठाऊक होते. पण तो साल्हेरपेक्षा इतका आणि हरिश्चंद्रगडापेक्षा तितका मोठा आहे, ही माहिती कोणाच्या उपयोगाची नव्हती. एकदा यादी झाली की पहिल्या क्रमांकाला पदवी मिळते. आज ती पदवी आहे ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’. फलकांवर, सहलींच्या जाहिरातींत, माथ्यावर काढलेल्या छायाचित्रांखाली, सगळीकडे.

या पदवीची गंमत पाहा. हिमालयातील त्या शिखराची उंची १८५२ च्या सुमारास सर्वेक्षण खात्यातील बंगाली गणितज्ञ राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून सर्वाधिक ठरली. सर्वेक्षण खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी आपल्या आधीच्या प्रमुखाचे, जॉर्ज एव्हरेस्ट यांचे, नाव सुचवले. एव्हरेस्ट यांनी स्वतः त्याला हरकत घेतली होती : हे नाव या देशातील लोकांना उच्चारता यायचे नाही, त्यांच्या लिपीत लिहिता यायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तरीही १८६५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. नेपाळचे सगरमाथा आणि तिबेटचे चोमोलुंग्मा जगाच्या दृष्टीने मागे पडले. म्हणजे ज्या नावाविषयी नावाचा धनीच साशंक होता ते नाव आपण हौसेने उचलून अकोल्याच्या डोंगराला लावले. आणि त्या डोंगराला आधीपासून एका मुलीचे नाव होते.

योगायोग असा की त्याच १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे कसारा ते इगतपुरी, आगगाडी सुरू झाली. मुंबईच्या माणसाला कळसूबाईच्या पायथ्याशी आणणारी वाट तीच.

आता त्या मुलीकडे येऊ. तिची गोष्ट लिखित स्वरूपात मिळते ती मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या अहमदनगर खंडात. साल १८८४, संपादक जेम्स कॅम्पबेल. वसईकरांना या नावाची आणखी एक ओळख सांगायला हवी. गॅझेटिअरच्या कामात कॅम्पबेल यांना मोठे साहाय्य केलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीच १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप, आपला बुरूड राजाचा कोट, उकरला. आतून दगडी करंडक निघाला, आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती निघाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना सोपाऱ्यात सापडला. एकाच मोठ्या उद्योगात सोपाऱ्याला सम्राटाचा दगड मिळाला आणि कळसूबाईला चार ओळींची एक लोककथा. त्या शिलालेखाकडे मी पुढे परत येणार आहे.

कथा अशी. कळसू ही एक कोळी मुलगी. रानात भटकण्याची तिला आवड. फिरत फिरत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात चाकरीला राहिली. राहताना तिने अट घातली : भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. अट मान्य झाली. काही काळ सुरळीत गेला. एके दिवशी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगण्यात आले. तिने ते काम केले. आणि ते झाल्यावर ती डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. मरेपर्यंत तेथेच राहिली. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जेथे केर काढला तो काळदरा.

एवढेच. राक्षस नाही, वर नाही, शाप नाही. आपल्याकडच्या देवीच्या कथांच्या मानाने ही इतकी कोरडी आहे की प्रथम वाचताना मी पुढचे पान उलटून पाहिले, काही सुटले का म्हणून.

पण चाकरीचा करार म्हणून ती पुन्हा वाचा. कथेत चार गोष्टी ठळक आहेत : कामाला येताना घातलेली अट, दुसऱ्या पक्षाची मान्यता, अटीचा भंग, आणि काम सोडणे. त्यात एक बारकावा असा, की तिने सांगितलेले काम नाकारले नाही. भांडणही केले नाही. आधी काम पूर्ण केले आणि मग गेली. ज्यांनी दुसऱ्याच्या घरी राबून दिवस काढले आहेत त्यांना हा क्रम नवा वाटणार नाही. भर घरात मालकाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे एकट्या परगावच्या मुलीला झेपणारे नव्हते. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःचे पाय.

अट नेमकी भांडी आणि केर यांचीच का? गाई राखणे, लाकूडफाटा आणणे, पाणी भरणे, दळण, शेत यांना तिची ना नव्हती. ही कामे त्याहून हलकी खचित नव्हेत. म्हणजे प्रश्न कष्टाचा नव्हता. उष्टे आणि केर या दोन गोष्टींना आपल्या समाजात मानाचा खालचा टोक मानले गेले. कोणाचे उष्टे कोण काढते यावरून घरातले, जातीतले आणि गावातले स्थान ठरत असे. कळसूने कामाला होकार दिला आणि त्या स्थानाला नकार दिला, असे मी या अटीचे वाचन करतो. शिवाय तिचे मालकही गॅझेटिअरच्या कथेत कोळीच आहेत, हे विसरून चालणार नाही. आज सांगितल्या जाणाऱ्या काही कथांत त्यांचा पाटील होतो. ऐकणाऱ्याला ते सोयीचे वाटत असावे, कारण पाटील वाईट वागला की आपला जीव मोकळा होतो. जुन्या कथेत मात्र अन्याय आपल्याच माणसांच्या घरात घडतो.

येथे स्वतःलाच एक ताकीद देतो. लोककथा म्हणजे दस्तऐवज नव्हे. कळसू नावाची मुलगी अमुक साली होती, असे म्हणायला काहीही आधार नाही. देवी आधी आणि तिची जन्मकथा नंतर, असेही होते; डोंगराच्या नावात ‘कळस’ ऐकू येतो तो आहेच. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या डोंगरांत पायी हिंडून अशा कितीतरी ग्रामदेवींची ठाणी नोंदवली आणि त्यांचा संबंध जुन्या वाटांशी, पशुपालकांशी जोडून दाखवला. कळसूबाईही त्याच वंशातली असू शकेल. आसपासच्या गावांत तिच्या बहिणी सांगतात : रतनगडाची रत्नाबाई आणि शेजारची कात्राबाई. तिघी बहिणी तीन डोंगरांवर. कोणी म्हणते तिला झाडपाल्याचे औषध ठाऊक होते, ती लोकांना बरे करी. म्हणजे कथेचे थर एकावर एक बसलेले आहेत. पण ज्या समाजाने ही कथा सांगितली, जपली आणि त्यातल्या जागा बोटाने दाखवल्या, त्या समाजाला चाकरीतल्या मानापमानाचा हा प्रसंग देवीच्या जन्माइतका मोठा वाटला, ही गोष्ट तर खरी आहे ना? इतिहास म्हणून मी तेवढेच घेतो, आणि ते मला थोडे वाटत नाही.

हा मुलूख मुकाट्याने सोसणारा नव्हता, याची कागदोपत्री साक्षही आहे. याच अकोल्याच्या डोंगरातील देवगावचा राघोजी भांगरे महादेव कोळ्यांना घेऊन सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध उभा राहिला. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्याच्या बंडावर सरकारी अहवाल आहेत, कारण बंड सरकारला दिसते. चाकरी सोडून निघून गेलेली मुलगी सरकारला दिसत नाही.

आणि नकाराचा इतिहास शोधायला आम्हाला अकोल्याला जाण्याचीही गरज नव्हती. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तेथे जमीनदारांकडे वारल्यांना वेठ करावी लागे, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून राबत, कित्येकदा जन्मभर. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने, वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ आहे. पालघर जिल्ह्यात राहून ते न वाचणे म्हणजे घरात राहून घराचा मागचा दरवाजा न उघडण्यासारखे आहे. मी कळसूला वारली लढ्याची पूर्वज ठरवत नाही. एकीकडे हजारो माणसांची संघटना, दुसरीकडे एकटी मुलगी. पण ‘हे काम मी करणार नाही’ हे वाक्य उच्चारायला किती किंमत पडते, ते तलासरीच्या कथनांनंतर मला कळले, आणि मग इंदोरेची चार ओळींची कथा मोठी झाली.

आता सोपाऱ्याचा दगड. अशोकाचा आठवा शिलालेख प्रवासाविषयी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे मौजेच्या फेऱ्या, शिकार आणि तत्सम करमणुकी. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेथून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत ब्राह्मण-श्रमणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट, आणि मुलुखातील जनपदातल्या लोकांचे दर्शन, त्यांच्याशी विचारपूस. सम्राटाच्या सांगण्याप्रमाणे त्याला यात अधिक आनंद मिळू लागला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हा मजकूर आमच्या नालासोपाऱ्यात कोरला गेला होता. बंदरावर उतरणाऱ्या व्यापाऱ्याने तो वाचावा, अशा जागी.

अशोकाच्या उपदेशाबद्दल संशय घेता येतो. राजे आपल्या आनंदाविषयी जे कोरून ठेवतात ते सगळे खरे मानायचे नसते. पण मौजेचा प्रवास आणि माणसांना भेटण्याचा प्रवास असा जो फरक त्यात केला आहे तो रविवारच्या कळसूबाईवर अगदी नेमका लागू पडतो. मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नाशिक येथून रात्री बस निघतात, मध्यरात्रीनंतर बारीत पोहोचतात, विजेरीच्या उजेडात चढण सुरू होते, सूर्योदयाला माथा, छायाचित्र, आणि दुपारच्या आत उतरून परत. शिड्यांपाशी रांग लागते. यातली मौज मला नाकारायची नाही, मीही तिच्यासाठीच पहिल्यांदा गेलो होतो. पहाटे धुके खाली बसल्यावर अलंग-मदन-कुलंग एकामागून एक बाहेर येतात आणि दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी उजळते, तेव्हा सोबतचा बडबड्या मित्रही गप्प होतो. ते पाणी अडवणारे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याखाली गेलेल्या जमिनींचा विषय वेगळ्या धाग्याचा आहे.

बारीतील कितीतरी घरांना या गर्दीने रोजगार दिला. चहा, पोहे, पिठले-भाकरी, रात्रीचा मुक्काम, वाट दाखवणारी पोरे, वाटेत ठिकठिकाणी सरबताची दुकाने. १९८६ पासून हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, त्यामुळे रानावर जगण्याचे जुने मार्ग आखडले. पर्यटनाचा पैसा गावाला हवाच आहे. मंगळवारी, नवरात्रात गावोगावचे लोक देवीला येतात. त्या दिवशी बायका नऊवारीत, हातात ओटी, कित्येक अनवाणी, त्याच शिड्यांवरून आमच्यापेक्षा भराभर चढतात. त्यांना ‘नवशिक्यांसाठी सोपे’ हा शब्दप्रयोग ऐकवला तर हसू येईल.

गेल्या हिवाळ्यात मी आईला घेऊन गेलो. तिने आयुष्यात चढलेला सर्वांत उंच डोंगर जीवदानीचा. मी आणि धाकटा भाऊ शाळेत असताना तिने विरारमध्ये काही वर्षे चार घरची धुणीभांडी केली आहेत. हे सांगायला तिला पूर्वी आवडत नसे, आता चालते. थांबत थांबत साडेचार तासांत ती वर पोहोचली. देवीपुढे खण-नारळ ठेवला, आणि देवळाच्या सावलीत बसून तिने पाय चोळले. तेव्हा मी तिला गॅझेटिअरमधली गोष्ट सांगितली, विद्यार्थी सांगतात तशी, साल आणि संपादकासकट.

ती सगळे ऐकून म्हणाली, “मग तिचा महिना दिला का त्यांनी?”

मला उत्तर देता आले नाही. मी म्हटले, कथेत तसा उल्लेख नाही. ती म्हणाली, “नसेलच दिला. मधेच सोडून गेलं की देत नाहीत. म्हणतात, पुढच्या महिन्यात ये.” मग तिने पाण्याची बाटली उघडली आणि विषय संपला. खाली उतरल्यावर ज्या घरी आम्ही जेवलो तेथे मागच्या अंगणात बारा-तेरा वर्षांची मुलगी एका मोठ्या गटाच्या ताटल्यांचा ढीग घासत बसली होती. घर तिचेच होते, आणि रविवार होता. मी यातून काही सिद्ध करू इच्छित नाही. आई उठली, आमची दोन ताटे तिने स्वतः नळाखाली धरली आणि मुलीशेजारी पालथी घातली. मुलगी ओशाळून ‘राहू द्या मावशी’ म्हणत राहिली.

दोन वर्षे मी या कथेत अट, मान्यता, भंग आणि निर्गमन शोधत होतो. मजुरीचा प्रश्न मला सुचला नव्हता. करार म्हणून कथा वाचायची तर तो पहिला प्रश्न असायला हवा होता : चाकरी कशावर ठरली होती, धान्यावर, कपड्यावर, दोन वेळच्या जेवणावर की रोख? आणि निघताना तिचे काही बाकी होते का?

म्हणून हा धागा येथे थांबवताना एक विनंती. बारी, इंदोरे, अकोले, इगतपुरी या बाजूच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी आजी-आजोबांनी कळसूची गोष्ट सांगितली असेल, तर ती जशी ऐकली तशी खाली लिहा. अटी दोन होत्या की अधिक, मालक कोण होता, थाळेमेळ नेमका कोणत्या अंगाला दाखवतात, हे सगळे मला हवे आहे. तिच्या मजुरीविषयी एखादा शब्द कोठे आला असेल तर तो आधी लिहा. आईला कळवायचा आहे.